जुना गार्डन ट्रॅक्टर, बर्फ आणि अंगणातली कामं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मिशिगन, मिनेसोटा, ओंटारिओ, न्यूयॉर्कचा उत्तर भाग इकडे घराबरोबर एक-दोन एकर जागा घेतलेल्या मराठी मंडळींकडून ऑक्टोबर लागला की हे प्रश्न सुरू होतात. बरेचसे प्रश्न दरवर्षी तेच असतात, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. तेच तेच उगाळायला नको म्हणून जिथे संबंध आहे तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवा: बर्फात टायरची पकड आधी बघायची, हॉर्सपॉवर नंतर.

१. आमच्याकडे गवत कापायचा ट्रॅक्टर आहेच. त्यालाच पुढे बर्फ ढकलायचं ब्लेड लावलं तर चालणार नाही का?

बहुतेक वेळा तो लॉन ट्रॅक्टर असतो. त्याची चौकट पातळ पत्र्याची, गिअरबॉक्स हलका आणि एकूण वजन चार-पाचशे पौंड. गार्डन ट्रॅक्टर नांगर ओढायला बनवलेला असतो. चौकट जाड पोलादाची, मागच्या आसाची पेटी ओतीव लोखंडाची, वजन ७०० ते ९०० पौंड. दोन्ही दिसायला सारखे, त्यामुळे विकणारा काहीही म्हणतो. ओळखायचं असेल तर मागच्या चाकाकडे बघा. चाक चार-पाच बोल्टांनी हबला आवळलेलं असेल, रिम १२ इंची असेल आणि टायरवर २३×१०.५०-१२ असं काहीसं लिहिलं असेल तर तो गार्डन ट्रॅक्टर. चाक नुसतं आसावर सरकवून टोकाला छोटी क्लिप मारली असेल तर तो लॉन ट्रॅक्टर.

सपाट, डांबरी, दोन गाड्यांपुरता ड्राइव्हवे आणि तीन-चार इंच भुरभुरीत बर्फ एवढं लॉन ट्रॅक्टर ढकलतो. त्यापुढे गेलात तर गिअरबॉक्सचे दात जातात, आणि त्यातले कित्येक गिअरबॉक्स दुरुस्तीसाठी बनवलेलेच नसतात.

२. पण जुनाच का घ्यायचा? नवा गार्डन ट्रॅक्टर मिळतो की.

मिळतो, पण आज मोठ्या दुकानात 'गार्डन ट्रॅक्टर' म्हणून जे उभं असतं ते पुष्कळदा थोडा जाड लॉन ट्रॅक्टर असतं. खरोखर जड नवं यंत्र घ्यायला गेलात तर किंमत लहान शेती ट्रॅक्टरच्या जवळ जाते (त्याबद्दल प्रश्न २० बघा). १९६० ते १९९० या काळात अमेरिकेत या यंत्रांची मोठी चढाओढ होती. इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९६१ मध्ये कब कॅडेट आणला, जॉन डिअरने १९६३ मध्ये ११० आणला, आणि व्हील हॉर्स, सिम्प्लिसिटी, बोलेन्स, केस हे सगळे त्याच गिऱ्हाइकामागे होते. त्या चढाओढीत जी लोखंडं घडली ती अजून फिरतायत.

मात्र स्पष्ट सांगतो, ज्याला हातात पाना घ्यायचा कंटाळा आहे त्याने जुना घेऊ नये. दुकानात दुरुस्तीला दिलात तर दोन फेऱ्यांत ट्रॅक्टरच्या किमतीएवढं बिल होतं.

३. कोणती मॉडेलं शोधू?

मॉडेलपेक्षा 'ब्लेड किंवा ब्लोअरसकट (ब्लोअर म्हणजे बर्फ उचलून लांब फेकणारं अवजार) मिळतोय का' हे आधी शोधा. जुन्या मॉडेलला बसणारं नेमकं अवजार नंतर मिळवायला वर्ष जातं, आणि कधीकधी ते ट्रॅक्टरपेक्षा महाग पडतं.

तरीही नावं हवीत तर: कब कॅडेट, विशेषतः १९८१ मध्ये ब्रँड एमटीडी कंपनीकडे जाण्याआधीचे. त्यांत इंजिनापासून गिअरबॉक्सपर्यंत शाफ्ट जातो, चाकं फिरवायला पट्टा नाही, त्यामुळे ओल्या बर्फात पट्टा घसरण्याचा प्रश्नच नाही. व्हील हॉर्सची सी मालिका साधी, दणकट आणि स्वस्त. ही कंपनी १९८६ मध्ये टोरोने घेतली. केस आणि नंतरचे इंगरसोल हे हायड्रॉलिक मोटरवर चालतात. पहिल्यांदा चालवताना विचित्र वाटतात, पण पुढे-मागे करत बर्फ ढकलायला झकास. जॉन डिअर ३१८ तर या गल्लीतला लाडका आहे. पॉवर स्टीअरिंग, हायड्रॉलिकवर उचलणारं ब्लेड, १८ हॉर्सपॉवरचं दोन सिलिंडरचं ओनान इंजिन. अडचण एवढीच की ओनानचे सुटे भाग आता महाग आणि दुर्मिळ आहेत. जॉन डिअरचाच ३१७ घेताना विचारून घ्या की इंजिन मूळचं आहे की बदललेलं. त्यातल्या सुरुवातीच्या कोहलर केटी१७ इंजिनात वंगणाची व्यवस्था कच्ची होती आणि कनेक्टिंग रॉड तुटायचे.

नवशिक्याला मी एक सिलिंडरचं कोहलर के मालिकेचं इंजिन सुचवतो: के२४१ म्हणजे १० हॉर्सपॉवर, के३०१ म्हणजे १२, के३२१ म्हणजे १४, के३४१ म्हणजे १६. भाग अजून मिळतात आणि उघडून बघितलं तर घाबरायला होत नाही.

४. बघायला गेल्यावर काय तपासायचं? मला इंजिनातलं फारसं कळत नाही.

आधी फोन करून सांगा, 'मी येईपर्यंत सुरू करू नका.' गार इंजिन कसं सुरू होतं हेच तर बघायचंय. पोचल्यावर हुडवर हात ठेवून बघा. गरम लागला तर थोडं थांबा, चहा घ्या.

मग वीस मिनिटं चालवा. गिअरचा असेल तर प्रत्येक गिअर टाकून बघा. हायड्रोस्टॅटिक (गिअरऐवजी तेलाच्या दाबावर चालणारा, थोडक्यात 'हायड्रो') असेल तर गरम झाल्यावर चढावर नेऊन उभा करा आणि परत हलवा. झिजलेला हायड्रो गार असताना मस्त चालतो आणि तापला की दम सोडतो. विकणाऱ्याला हे ठाऊक असतं. निळसर धूर म्हणजे तेल जळतंय. सुरुवातीला थोडा चालतो, सतत नको.

नंतर खाली वाका. ब्लेड जिथे चौकटीला जोडतात तिथे तडे किंवा वेल्डिंगचे ठिगळ आहेत का बघा. पुढची चाकं हाताने हलवून खेळ बघा, मागचं चाक धरून आत-बाहेर ओढा. इंजिनावरचं पत्र्याचं आवरण उघडू देत असतील तर उघडाच. उंदरांनी तिथे घर केलेलं असतं, हवा अडते आणि इंजिन तापून मरतं. रंग उडालेला असेल तर बिनधास्त घ्या. चकचकीत नवा रंग दिसला तर मात्र मला शंका येते.

५. ब्लेड घेऊ की स्नोब्लोअर?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि याचं उत्तर तुमच्याकडे बर्फ ठेवायला जागा किती यावर आहे.

आधी ओझं समजून घ्या. १२ फूट रुंद, १०० फूट लांब ड्राइव्हवेवर १० इंच बर्फ पडला. ढोबळ हिशोबाने १० इंच भुरभुरीत बर्फ म्हणजे १ इंच पाणी. म्हणजे त्या ड्राइव्हवेवर साधारण ६,२०० पौंड, जवळजवळ पावणेतीन टन माल पडलाय. बर्फ ओला असेल तर दुप्पट. ब्लेडने हा माल फक्त सरकतो. तो कडेला साठतो, गोठतो, आणि पुढच्या वेळी ड्राइव्हवे तेवढा अरुंद झालेला असतो. ब्लोअर तो उचलून वीस-तीस फूट लांब फेकतो.

हंगामात ४०-५० इंच बर्फ पडत असेल, दोन्ही बाजूंना मोकळं गवत असेल, तर ब्लेड घ्या. स्वस्त, फिरणारे भाग जवळजवळ नाहीत, पंधरा मिनिटांत काम, आणि उन्हाळ्यात त्याच ब्लेडने खडी-माती सरकवता येते. मोठ्या सरोवरांच्या कडेला, जिथे लेक इफेक्टचा बर्फ एका रात्रीत फूट-दीड फूट येतो, तिथे ब्लोअर. ड्राइव्हवेच्या दोन्ही बाजूंना कुंपण किंवा भिंत असेल तरीही ब्लोअरच. ब्लोअरची दुसरी बाजूही ऐका: वजन दोनशे पौंडांच्या वर, लावायला-काढायला अर्धा दिवस, पट्टे, साखळ्या, बेअरिंग, आणि वारा उलटा असेल तर फेकलेला बर्फ तुमच्याच तोंडावर. प्लॅस्टिकच्या खिडक्यांची कापडी कॅब मिळते, ती ब्लोअरवाल्याने घ्यावीच.

दोन्ही परवडत असतील तर ट्रॅक्टरला ब्लेड ठेवा आणि मोठ्या बर्फासाठी हाताने ढकलायचा दोन टप्प्यांचा (एक स्क्रू बर्फ आत ओढतो, मग पंखा तो फेकतो) वेगळा ब्लोअर घ्या. मला हीच जोडी पटते.

६. किती हॉर्सपॉवर लागेल?

ब्लेडला १० सुद्धा पुरते, कारण त्याआधी चाकं घसरतात. ट्रॅक्टरच्या ४२ इंची दोन टप्प्यांच्या ब्लोअरला १४ ते १८ हवी. १०-१२ हॉर्सपॉवर असेल तर ३६ इंची एका टप्प्याचा ब्लोअर लावा आणि सावकाश चालवा.

७. ब्लेड लावलं, इंजिन जोरात आहे, पण चाकं जागच्या जागी फिरतात. काय चुकतंय?

वजन कमी पडतंय. दर हिवाळ्यात कोणीतरी यावर मोठं इंजिन बसवायचा बेत सांगतो. मोठ्या इंजिनाने चाकं जागच्या जागी अजून जोरात फिरतील, एवढंच.

ब्लेड किंवा ब्लोअर पुढे टांगला की ट्रॅक्टर पुढे झुकतो आणि मागची चाकं हलकी होतात, आणि ओढणारी चाकं मागचीच. म्हणून वजन मागे. सगळ्यात चांगली जागा म्हणजे चाकातच: ओतीव लोखंडाची चाकाची वजनं किंवा टायरमध्ये भरलेला द्रव (प्रश्न ८). चाकातलं वजन थेट टायर पेलतो, आसाच्या बेअरिंगवर येत नाही. मूळ कंपनीची वजनं साधारण ५० पौंडांच्या आसपास एकेक असतात. जुन्या बाजारात त्यांना सोन्याचा भाव आहे. गॅरेजच्या कोपऱ्यात व्यायामाच्या लोखंडी चकत्या धूळ खात पडल्या असतील तर लांब बोल्ट घालून त्याही बसतात. जानेवारीच्या संकल्पांचा तेवढाच उपयोग.

दुसरी जागा म्हणजे मागच्या आसाच्याही मागे टांगलेली पेटी, आत वाळूच्या पिशव्या किंवा काँक्रीट. आसाच्या मागे असल्यामुळे ती तरफेसारखी पुढचा भाग उचलते, त्यामुळे जड ब्लोअरबरोबर स्टीअरिंगही हलकं होतं. पण हे वजन आसावर येतं, म्हणून १००-१५० पौंडांच्या पुढे जाऊ नका, आणि ब्लोअर काढल्यावर पेटीही काढा, नाहीतर चढावर पुढची चाकं उचलतील.

क्रम असा: आधी चाकातलं वजन, मग चेन (प्रश्न ९), मग पेटी. पहिल्या दोन्हींतच बहुतेकांचं काम भागतं.

८. टायरमध्ये पाणी भरतात असं ऐकलं. गोठत नाही का?

साधं पाणी गोठतं, म्हणून साधं पाणी नाही. पूर्वी कॅल्शियम क्लोराइडचं द्रावण भरायचे. जड असतं, पण रिम खातं. जुना ट्रॅक्टर घेताना व्हॉल्व्हभोवती पांढरट पूड आणि गंज दिसला तर तेच आत आहे समजा.

आता बहुतेक जण गाडीच्या काचेचं थंडीचं वॉशर फ्लुइड भरतात. स्वस्त, कुठेही मिळतं, बाटलीवर लिहिलेलं तापमान बघून घ्या. विषारी आहे, मुलं आणि कुत्री लांब ठेवा. बीटच्या रसाचं द्रावण टायरवाले भरून देतात. ते पाण्यापेक्षा बरंच जड, गंज न आणणारं, पण महाग आणि टायर फुटला तर चिकट पसारा. २३×१०.५०-१२ च्या टायरात साधारण नऊ-दहा गॅलन मावतात. वॉशर फ्लुइडने टायरमागे ७०-७५ पौंड वाढतात, बीटच्या द्रावणाने शंभराच्या आसपास.

भरताना व्हॉल्व्ह सगळ्यात वर ठेवा आणि द्रव व्हॉल्व्हपर्यंत आला की थांबा. वरच्या पाव भागात हवा हवीच.

९. चेन कोणती घ्यावी? ड्राइव्हवेवर ओरखडे पडतील का?

चेनवर 'दोन कडी' किंवा 'चार कडी' असं लिहिलेलं असतं, म्हणजे आडव्या साखळ्या किती कड्यांनंतर येतात. चार कडीवाली स्वस्त असते, पण दोन आडव्या साखळ्यांमध्ये टायर उघडा राहतो आणि ट्रॅक्टर उड्या मारत चालतो. दोन कडीवालीच घ्या. शेतीच्या टायरसारख्या उंच तिरक्या दातांवर चार कडीवाली तर दातांमधल्या खाचेत जाऊन बसते आणि तिचा काही उपयोग होत नाही. तसंही शेतीचे दात चिखलात चांगले, बर्फाच्या काचेवर नाहीत. गवताचे रुंद टायर आणि त्यावर चेन, हे बर्फासाठी जास्त बरं.

ओरखडे पडतात. डांबरावर थोडे, काँक्रीटवर आणि फरशीवर जास्त. चाक जागेवर फिरवलंत तरच ते खोल जातात. नवी सुंदर फरशी असेल तर चेन न लावता आधी वजन वाढवून बघा. सपाट जागेवर तेवढंही पुरतं. बसवल्यावर चेन रबरी ताणांनी आवळा, पाच-दहा मिनिटं चालवून पुन्हा आवळा, आणि मडगार्ड व हायड्रॉलिकच्या नळ्यांना घासत नाही ना हे हाताने चाक फिरवून बघा.

१०. आमचा ड्राइव्हवे खडीचा आहे. ब्लेडने सगळी खडी गवतात जाते.

जमीन गोठेपर्यंत हे होणारच. ब्लेडच्या खालचे स्किड शू (जमिनीवर टेकणारे पाय) इंचभर खाली करा म्हणजे धार तेवढी वर राहते, आणि पहिला बर्फ थोडा मागे सोडून द्या. तो चाकाखाली दबून गोठला की खडीवर थर बसतो आणि पुढचं काम सोपं होतं. दुसरा स्वस्त उपाय: दोन इंची पीव्हीसी पाइप लांबीत चिरून ब्लेडच्या धारेवर चढवायचा आणि दोन-तीन बोल्ट मारायचे. गोल कडा खडीवरून घसरत जाते. हंगामात झिजतो, पुढच्या वर्षी नवा.

ब्लोअर खडीवर वापरत असाल तर शू आणखी खाली. फेकला गेलेला दगड खिडकी फोडतो.

११. बर्फ ढकलायची काही पद्धत आहे का?

आहे, आणि ती नोव्हेंबरात सुरू होते. जमीन गोठायच्या आधी ड्राइव्हवेच्या दोन्ही कडांना उंच काठ्या रोवा. जानेवारीत कडा कुठे आहे हे कुणालाच आठवत नाही.

पहिल्या वादळात बर्फ लागेल त्यापेक्षा बराच लांब ढकला. डिसेंबरचा ढीग गोठून भिंत झाला की मार्चपर्यंत हलत नाही, आणि पुढचं सगळं त्याच्या अलीकडे ठेवावं लागतं. पहिली फेरी मधोमध सरळ, पुढच्या फेऱ्या ब्लेड तिरकं करून बाहेरच्या बाजूला. दहा इंच येणार असेल तर पाच इंचाला एकदा बाहेर पडा. ब्लेडची ट्रिप स्प्रिंग चालते ना हे आधी बघून घ्या. फरशीच्या वर आलेल्या कडेला ब्लेड अडकलं आणि ते मागे झुकलं नाही तर चौकट वाकते. हायड्रॉलिक असेल तर लिव्हर फ्लोटवर ठेवा, म्हणजे ब्लेड जमिनीच्या चढ-उताराप्रमाणे आपोआप वर-खाली होतं.

१२. सगळं साफ केलं की गावाचा प्लाऊ ट्रक (रस्त्यावरचा बर्फ सारणारा) येतो आणि तोंडाशी पुन्हा बांध घालून जातो. काही उपाय?

पूर्ण नाही, पण निम्मा आहे. ड्राइव्हवेत रस्त्याकडे तोंड करून उभे राहा. इकडे गाड्या उजव्या बाजूने चालतात, म्हणजे प्लाऊ तुमच्या डावीकडून येणार. डाव्या बाजूला, ड्राइव्हवेच्या आधी, रस्त्याच्या कडेला दहा-बारा फूट लांब खळगा साफ करून ठेवा. प्लाऊच्या पात्यावरचा बराचसा माल त्या खळग्यात पडतो. तुमचा स्वतःचा ढीग उजवीकडे ठेवा; डावीकडे ठेवलात तर प्लाऊ तो तुमच्याच दारात आणून टाकेल.

तो बांध मीठ मिसळलेला, ओला आणि जड असतो. गोठायच्या आत, ब्लेड अर्धं उचलून वरून थर थर काढा. एका झटक्यात घुसून ढकलू नका.

१३. रस्त्यापलीकडे समोरच्या मोकळ्या जागेत ढकललं तर?

नको. मिशिगन, ओंटारिओसह अनेक ठिकाणी रस्त्यावर बर्फ टाकणं किंवा सोडणं बेकायदा आहे. मागे राहिलेली पट्टी गोठून कुणाची गाडी घसरली तर जबाबदारी तुमच्यावर येऊ शकते.

१४. ओला बर्फ ब्लोअरच्या नळकांड्यात गच्च बसतो. हाताने काढायचा का?

कधीही नाही. इंजिन बंद केल्यावरही आतल्या पात्यावर ताण साठलेला असतो. अडकलेला गोळा सुटला की पातं फिरतं आणि बोटं जातात. इंजिन बंद, किल्ली खिशात, सगळं थांबेपर्यंत थांबायचं, आणि मग लाकडी काठीने.

अडकू नये म्हणून नळकांड्यात आतून सिलिकॉनचा फवारा किंवा मेण. स्वयंपाकाचा तेलाचा फवाराही चालतो, तासभर टिकतो. आणि ओल्या बर्फात इंजिन पूर्ण वेगात ठेवून ट्रॅक्टर हळू चालवा. सावकाश फिरणाऱ्या पंख्यातच बर्फ बसतो.

१५. ब्लोअरचा शिअर बोल्ट सारखा तुटतो. जाड, कडक बोल्ट घातला तर?

तो तुटण्यासाठीच आहे. कडक बोल्ट घातलात तर पुढच्या वेळी त्याऐवजी गिअरबॉक्स तुटेल. मॅन्युअलमध्ये लिहिलेलाच बोल्ट घ्या, अर्धा डझन टेपने ब्लोअरलाच चिकटवून ठेवा. दर फेरीला तुटत असेल तर ऑगर (बर्फ आत ओढणारा स्क्रू) शाफ्टवर गंजून अडकलाय का, किंवा शू फार वर आहेत का, ते बघा.

१६. थंडीत सुरूच होत नाही.

तेल, बॅटरी, पेट्रोल, ठिणगी, याच क्रमाने बघा. उन्हाळ्याचं एसएई ३० तेल थंडीत गुळाच्या काकवीसारखं होतं. शून्य सेल्सिअसच्या खाली ५डब्ल्यू-३० घाला. शून्य फॅरनहाइटला, म्हणजे उणे १८ सेल्सिअसला, बॅटरीची ताकद साधारण निम्म्यावर येते. घरच्या सॉकेटवर छोटा चार्जर लावून ठेवा. या ट्रॅक्टरांना बहुधा यू१ मापाची बॅटरी लागते. इथेनॉलचं पेट्रोल पाणी ओढतं, म्हणून टाकी भरलेली ठेवा, स्टॅबिलायझर घाला आणि जुन्या रबरी नळ्या एकदा सगळ्या बदलून टाका. कोहलर के मालिकेत पॉइंटची (ठिणगीचा प्रवाह जोडणाऱ्या-तोडणाऱ्या संपर्कांची) फट ०.०२० इंच, म्हणजे अर्धा मिलिमीटर. पॉइंट काळे पडले असतील तर घासत बसू नका, कंडेन्सरसकट नवे घाला.

सुरू झालं की बाहेर काढा. गॅरेजचं दार उघडं असलं तरी आत तापवत ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि बहुतेक गॅरेजचं एक दार घरात उघडतं.

१७. हायड्रोस्टॅटिक सकाळी चालतच नाही, नंतर ठीक होतो. बिघडलाय का?

बहुधा नाही, तेल गार आहे. पाच-दहा मिनिटं मध्यम वेगावर तापू द्या. जास्त वेळ लागत असेल तर तेल आणि फिल्टर बदला. कब कॅडेटला हाय-ट्रान नावाचं तेल लागतं, बाकीच्यांना वेगवेगळं. एकाचं दुसऱ्यात घालू नका, मॅन्युअल बघा. उलटं होत असेल, म्हणजे गार असताना जोर आणि तापल्यावर नाही, तर प्रश्न ४ मधला झिजेचा मुद्दा लागू होतो.

१८. सीटवरून जरा उठलं की इंजिन बंद पडतं. तो स्विच काढून टाकू का?

नको. त्रास खरा आहे, मागे वळून बघताना बंद पडतो. पण ब्लोअर चालू असताना खाली उतरणाऱ्याचा जीव तो स्विच वाचवतो. बहुतेकदा स्विचच्या तारा सैल किंवा सीटची स्प्रिंग थकलेली असते; ती दुरुस्त करा. ज्या फार जुन्या ट्रॅक्टरला मुळातच स्विच नाही त्यावर शिस्त तुमची: ब्लोअर बंद, गिअर न्यूट्रल, ब्रेक, इंजिन बंद, मग उतरायचं.

याच ओघात आणखी एक. गावाकडे ट्रॅक्टरच्या मडगार्डवर दोघं-तिघं बसतात हे आपण लहानपणापासून पाहिलंय. इथे कुणीही नाही, पोरगं मांडीवरही नाही, गवत कापताना तर मुळीच नाही.

१९. आमच्या जागेत उतार आहे. किती उतार चालतो?

बहुतेक मॅन्युअल १५ अंशांची मर्यादा घालतात, म्हणजे १०० फुटांत साधारण २७ फूट चढ. या जुन्या यंत्रांना उलटल्यावर चालकाला वाचवणारी कमान नसते. उतारावर सरळ वर-खाली जा, आडवे जाऊ नका. बर्फात वरून खाली ढकला. खालून वर ढकलताना चाकं घसरली की ट्रॅक्टर मागे येतो आणि हायड्रोचा ब्रेक बर्फावर काही करत नाही. उतार कठीण असेल तर तेवढी पट्टी मीठ-वाळू आणि फावड्यावर सोडा.

२०. बर्फ सोडून त्याच्याकडून काय काय करून घेता येतं? लोडर लावून माती उचलता येईल?

भरपूर. मागे छोटी ट्रॉली लावून लाकडं, शेणखत, पालापाचोळा. स्लीव्ह हिचवर (मागे अवजार जोडायच्या जोडणीवर) आठ-दहा इंची एक फाळाचा नांगर, कल्टिव्हेटर, मागचं ब्लेड. टिलर (माती भुसभुशीत करणारं अवजार) लावला तर मेथी-कोथिंबीर-गवारीचा वाफा तासाभरात तयार. कठीण चिकणमातीत आधी नांगरा, मग टिलर. खडीचा ड्राइव्हवे वसंतात विस्कटलेला असतो, तो मागच्या ब्लेडने सारखा करता येतो. वजनं तशीच ठेवा, चेन मात्र काढा. खोल खणायचं असेल तर अमेरिकेत आधी ८११ ला फोन करा, ओंटारिओत ओंटारिओ वन कॉलला. येऊन गॅस-विजेच्या लाइनींवर खुणा करून देतात, फुकट.

लोडरला माझा विरोध आहे. काही मॉडेलांना मिळायचा, पण पुढचा आस आणि स्टीअरिंग त्या वजनाला बनलेलं नाही. रोज माती-खडी उचलायची असेल तर चार चाकांना जोर देणारा लहान डिझेल ट्रॅक्टर घ्या: कुबोटा, जॉन डिअर, किंवा आपल्या मुंबईच्या महिंद्राचा. महिंद्रा १९९४ पासून अमेरिकेत ट्रॅक्टर विकतेय. पाच एकरांच्या पुढे जागा असेल तर माझंही मत तिकडेच झुकतं.

२१. खड्ड्यात गेलेली गाडी या ट्रॅक्टरने ओढून काढता येते का?

नाही. ८०० पौंडांचं यंत्र, ३,५०० पौंडांची गाडी. साखळी आसाच्या वर बांधून झटका दिलात तर ट्रॅक्टर मागे उलटतो. टो ट्रक बोलवा.

२२. फारच मोठं वादळ आलं तर?

नोव्हेंबर २०२२ मध्ये बफेलोच्या दक्षिणेला ऑर्चर्ड पार्कमध्ये चार दिवसांत सुमारे ८० इंच पडला. त्यापुढे ब्लेड आणि ब्लोअर दोन्ही लहान. ते काम मोठ्या लोडर यंत्राचं. पण वादळ सुरू झाल्यापासून तीन-चार तासांनी एकदा बाहेर पडत राहिलात तर दोन-अडीच फुटांपर्यंत चांगला वजनदार गार्डन ट्रॅक्टर तग धरतो. पेट्रोलचे दोन कॅन आधीच भरून घराबाहेरच्या शेडमध्ये ठेवा, आणि शिअर बोल्ट, एक जादा पट्टा, स्पार्क प्लग हे हाताशी. त्या दिवशी दुकान उघडं नसतं.